वाचकांचे प्रश्न: बहात्तरच्या पावसाचं कारण मॉडेल कसं काढतं?

प्रश्न: ७२चा दुष्काळ कुणी एल निनोच्या माथी मारतं, कुणी जंगलतोडीच्या. होऊन गेलेल्या पावसाचं कारण संगणकावर कसं शोधतात? आमच्या तालुक्यापुरतं ते कळेल का?
– एक वाचक, गेवराई (जि. बीड)

उत्तर: रीत वजाबाकीची आहे. वातावरणाच्या मॉडेलला (हवेची समीकरणं सोडवणारा संगणक-प्रोग्राम) एकदा १९७२ मध्ये नोंदलेलं समुद्राचं तापमान द्यायचं. दुसऱ्यांदा फक्त प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यात (एल निनोत तापतो तो हाच) नेहमीचं सरासरी तापमान भरायचं, बाकी काही हलवायचं नाही. जून ते सप्टेंबरच्या पावसात जो फरक पडेल तो एल निनोच्या खात्यात. जंगलाचा वाटा पाहायचा तर समुद्र तसाच ठेवून जमिनीवरची झाडी बदलायची. (७२च्या आधीचं वर्षही महाराष्ट्रात कोरडंच होतं, एका मोसमाच्या प्रयोगातून अख्खा दुष्काळ उलगडत नाही.)

फसगत होते ती एकेका रनवर (मॉडेल एकदा चालवणं म्हणजे एक रन) भिस्त ठेवल्याने. सुरुवातीच्या तापमानात अंशाच्या हजाराव्या भागाइतका बदल केला, तरी महिन्याभरात पावसाचे दिवस पार इकडचे तिकडे होतात. म्हणून दोन्ही बाजूंनी निदान वीस-तीस रन हवेत, प्रत्येकाची सुरुवात किंचित वेगळी. दोन सरासरींमधला फरक या नैसर्गिक चढ-उतारात बुडत असेल, तर कारण सापडलं म्हणू नये. १९९७चा एल निनो जबर होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झालाच की!

आणखी एक खोट. समुद्राचं तापमान बाहेरून लादलं की ढगांच्या सावलीने आणि वाऱ्याने समुद्र निवणं मॉडेलमध्ये घडतच नाही. तापलेल्या हिंदी महासागरावर ते फाजील पाऊस पाडत बसतं. तिथे समुद्र आणि वातावरण जोडलेलं मॉडेल लागतं.

१९५० नंतर मध्य भारतात पाऊस घटत गेला, तशा दशकांच्या बदलासाठी १८५० पासूनचे रन करतात: सगळे घटक मिळून, मग फक्त हरितगृह वायू, फक्त धुराचे व गंधकाचे सूक्ष्म कण, फक्त सूर्य-ज्वालामुखी. बहुतेक मॉडेलांत वायू पाऊस वाढवतात. कण ऊन अडवून जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातली तफावत कमी करतात, पाऊस घटतो. सुट्या परिणामांची बेरीज एकूण बदलाशी जुळेलच असं मात्र नाही.

तालुक्याचं म्हणाल तर नाही. जागतिक मॉडेल पृथ्वीच्या चौकटी पाडून हिशेब करतं; एक चौकट साधारण १०० किलोमीटर लांब-रुंद, म्हणजे जवळजवळ अख्ख्या बीड जिल्ह्याएवढी. एवढ्या जाड चौकटीत सह्याद्री बुटका होतो आणि आपली पर्जन्यछाया पुसट. एका महसूल मंडळाचा पर्जन्यमापक अशा चौकटीशी ताडू नका. आधी जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांची सरासरी काढा.