मुलगा ५ वर्षांचा झाला तरी रात्री अंथरुणात शू करतो, काय करू?

आधी एक, त्याला अजिबात रागावू नका, तो मुद्दाम करत नाही, झोप गाढ असते आणि रात्री लघवी कमी करणारं हार्मोन अजून पुरेसं तयार होत नसतं, ५ व्या वर्षी हे खूप मुलांना होतं. पाणी दिवसा भरपूर द्या, झोपायच्या तासभर आधीपासून कमी करा आणि झोपताना शू करायला न्याच. पोट साफ होतं का तेही बघा, बद्धकोष्ठतेने मूत्राशयावर दाब येतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. गादीवर वॉटरप्रूफ शीट टाका म्हणजे तुमचीही चिडचिड कमी होईल. ६ महिने कोरडा राहून परत सुरू झालं, लघवीला जळजळ होत असेल किंवा सारखी तहान लागत असेल तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.