ड्युटीवर सगळं येतं, पेपरात सुचत नाही

एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची एक सिस्टर समुपदेशनाला आली आणि बसायच्या आधीच पर्समधून दोन उत्तरपत्रिका काढून टेबलावर ठेवल्या. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग नोकरी, मग पोस्ट बेसिक बी.एस्सी. (डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी), आणि एकूण नऊ वर्षं आयसीयूत. "मॅडम, व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की रेसिडेंट डॉक्टर आधी माझ्याकडे बघतात. आणि इथे 75 पैकी 28. शिकायचं वय गेलं का माझं?" दुसरी उत्तरपत्रिका रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्सची होती. त्यात स्टॅटिस्टिक्सचा भाग जवळजवळ कोरा.

वॉर्डात वर्षानुवर्षं काढून पुन्हा वर्गात बसणाऱ्या बऱ्याच सिस्टरांची हीच तक्रार असते, म्हणून ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव इथे मांडत आहोत.

तिची भीती पोकळ नव्हती. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या अभ्यासक्रमात थिअरी आणि प्रॅक्टिकल या दोन्हींत वेगवेगळे 50 टक्के मिळवावे लागतात. हात कितीही सराईत असला तरी प्रॅक्टिकलचे गुण थिअरीच्या मदतीला धावून येत नाहीत. त्यामुळे धीराचे चार शब्द बोलण्यापेक्षा उत्तरपत्रिका उघडून बघणं महत्त्वाचं होतं.

पहिला प्रश्न होता व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या श्वासमार्गाची काळजी, 15 गुण. तिने दीड पान लिहिलं होतं. सक्शन (नळीने कफ ओढून काढणं) केलं, पोझिशन दिली, ओरल केअर दिली, व्हायटल्स तपासले. एकही वाक्य चूक नव्हतं आणि गुण होते चार. ही भाषा नर्सेस नोट्सची, म्हणजे वॉर्डातल्या रोजच्या नोंदींची आहे, हे लगेच दिसत होतं. नऊ वर्षं रोज तीन-तीन वेळा 'काय केलं' एवढंच लिहायची सवय हाताला लागलेली. कारण लिहायला तिथे जागाही नसते आणि वेळही. पेपर मात्र विचारतो का केलं, किती केलं, कशावर नजर ठेवली आणि कुठे थांबलात.

"सिस्टर, पेपर बाजूला ठेवा. उद्या एक नवी मुलगी ड्युटीला येणार आहे. तिला सक्शन शिकवा. बोला, मी फोनवर रेकॉर्ड करते." ती हात हलवत बोलायला लागली. आधी शंभर टक्के ऑक्सिजन, 30 ते 60 सेकंद. कॅथेटर आत जाताना सक्शन लावायचं नाही, कारण आतल्या नाजूक त्वचेला इजा होते आणि ऑक्सिजनही ओढला जातो. बाहेर येताना फिरवत काढायचं. एका वेळी 15 सेकंदांच्या वर नाही, नाहीतर सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) पडतं. मॉनिटरवर पल्सही बघायचा, कारण व्हेगस नर्व्ह उत्तेजित होऊन हार्ट रेट एकदम खाली येऊ शकतो. तसं झालं तर थांबायचं आणि ऑक्सिजन द्यायचा. डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर, म्हणजे पोटातलं फुप्फुसात जात नाही. रेकॉर्डिंग तीन मिनिटांचं झालं. ते तिलाच ऐकवलं आणि पेनने तिच्याच उत्तरपत्रिकेवर जिथे जिथे 'कारण' आलं तिथे खूण करायला सांगितली. ऐकताना सहा खुणा झाल्या. लिहिलेल्या उत्तरात एकही नव्हती.

तिला ज्ञान द्यायचं नव्हतं, ते तोंडात होतंच. ते कागदावर उतरवायची रीत हवी होती.

रीत अशी ठरली की आठवड्याला एकच रुग्ण घ्यायचा, पण पुरता. पहिल्या दिवशी केस तोंडी सांगून रेकॉर्ड करायची, दुसऱ्या दिवशी ती ऐकत केअर प्लॅन (रुग्णाच्या काळजीचा लेखी आराखडा) लिहायचा, तिसऱ्या दिवशी तोच रुग्ण नर्सिंग थिअरीत बसवायचा. चौथ्या दिवशी त्याच रुग्णावरचा एक प्रश्न घड्याळ लावून सोडवायचा.

केअर प्लॅनमध्ये गुण कुठे जातात ते इथे नीट सांगायला हवं. पहिली चूक म्हणजे नर्सिंग डायग्नोसिसच्या जागी 'न्यूमोनिया' लिहिणं. ते डॉक्टरांचं निदान झालं. नर्सचं निदान तीन तुकड्यांचं असतं: समस्या, तिचं कारण, आणि ती आहे हे कशावरून दिसतं. श्वासमार्ग मोकळा नाही. कारण घट्ट कफ साचला आहे. पुरावा म्हणजे दोन्ही बाजूंना क्रेप्स (छातीतला चरचर आवाज) आणि सॅच्युरेशन 89 टक्के. समस्या अजून घडलेली नसून नुसता धोका असेल, तर तिसरा तुकडा येत नाही, फक्त धोक्याची कारणं लिहायची. प्रेशर सोअर (पडून राहिल्याने होणारी जखम) झालेलाच नसताना 'त्वचा लाल दिसते' असा पुरावा जोडला की परीक्षक तिथेच थांबतो. दुसरी चूक ध्येयात होते. 'रुग्णाला बरं वाटेल' हे मोजता येत नाही. 'चार तासांत सॅच्युरेशन 94 टक्क्यांच्या वर जाईल' हे येतं. मूल्यमापनातही तोच आकडा परत आला पाहिजे. आणि तिसरी, सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रॅशनलचा, म्हणजे कृतीमागच्या कारणाचा, रकाना शेवटी भरायचा म्हणून सोडून देणं. तो प्रत्येक कृतीबरोबर तिथल्या तिथे भरायचा.

सीनियरची जुनी फाइल समोर ठेवून लिहिण्याचा मोह मोठा असतो. रुग्णाचं नाव, वय बदलतं आणि पोटॅशियमचा आकडा जुन्या रुग्णाचाच राहतो. व्हायव्हात परीक्षक नेमका त्याच आकड्यावर बोट ठेवतो. आपल्या हाताखालच्या रुग्णाची फाइल लिहिली असेल तर असल्या प्रश्नाला घाबरायचं कारणच उरत नाही.

नर्सिंग थिअरी तिला निव्वळ पाठांतर वाटायची. डोरोथिया ओरेम यांचा सिद्धांत सांगतो की स्वतःची काळजी घेण्यात रुग्ण जिथे कमी पडतो तिथे नर्सने भरपाई करायची. त्यातले तीन शब्द तिने पाठ केले होते, पण रुग्णाशी जोडले नव्हते. "तुमच्या सात नंबर बेडच्या आजोबांचं काय झालं?" एवढंच विचारलं. आजोबा व्हेंटिलेटरवर असताना सगळं नर्सच करत होती, ही संपूर्ण भरपाई. नळी निघाल्यावर ते स्वतः खायला लागले, पण उठायला आधार लागत होता, ही अंशतः भरपाई. घरी जाताना इनहेलर कसा घ्यायचा हे त्यांना आणि सुनेला शिकवलं, हे आधार आणि शिक्षण. तिने तेवढ्यात स्वतःच वही ओढून घेतली.

वेळेचं गणितही तिने कधी मांडलं नव्हतं. समजा 75 गुणांना तीन तास आहेत. वाचायला आणि शेवटी तपासायला 20 मिनिटं ठेवली की उरतात 160, म्हणजे एका गुणाला साधारण दोन मिनिटं. 15 गुणांचा प्रश्न 32 मिनिटांत संपला पाहिजे, पाच गुणांची टीप दहा मिनिटांत. तिने पहिल्या प्रश्नाला पन्नास मिनिटं दिली होती आणि शेवटच्या दोन टिपा सोडल्या होत्या. दोन पानांच्या उत्तरात आणखी अर्धं पान वाढवून जेमतेम एक गुण वाढतो. कोऱ्या टिपेची सुरुवात केली तरी दोन मिळतात.

इंग्रजीची अडचण खरी होती, दहावीपर्यंत मराठी माध्यम. तिला लांब वाक्यं लिहायलाच मनाई केली. एका वाक्यात आठ-दहा शब्द, एक कृती, आणि मग 'कारण'. असेस, मॉनिटर, पोझिशन, ॲडमिनिस्टर, एज्युकेट, रेकॉर्ड अशी वीसेक क्रियापदं पक्की केली की वॉर्डातलं बहुतेक काम त्यांत मावतं. आधी मराठीत बोलायचं, मग लिहायचं. यात कमीपणा काही नाही.

राहिलं स्टॅटिस्टिक्स. ते सोडून देणं म्हणजे 75 पैकी 25 गुणांवर पाणी सोडणं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल 1858 मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या, हे तिला ठाऊक नव्हतं. ऐकून ती जरा सावरून बसली. मग टी-टेस्टसाठी, म्हणजे उपायाने खरंच फरक पडला का हे तपासायला, पाच रुग्णांचे वेदनेचे आकडे घेतले. उपायाआधी 7, 6, 8, 5, 7 आणि नंतर 4, 4, 5, 3, 3. फरक 3, 2, 3, 2, 4, सरासरी 2.8. प्रत्येक फरकातून सरासरी वजा करून वर्ग केले, बेरीज 2.8 आली. तिला चाराने भागलं, पाचाने नाही, कारण इथे एकने कमी घ्यायचा असतो. बहुतेक मुली इथेच घसरतात. आले 0.7, त्याचं वर्गमूळ 0.84. पाचाच्या वर्गमुळाने भागल्यावर 0.374. शेवटी 2.8 भागिले 0.374, म्हणजे टी जवळपास 7.48. टेबलात चार डिग्री ऑफ फ्रीडमला (तोच एकने कमी केलेला आकडा) 0.05 पातळीवर 2.776 आहे, आपला आकडा मोठा, म्हणून फरक अर्थपूर्ण. तेच रुग्ण आधी-नंतर असतील तर पेअर्ड टी, दोन वेगळे गट असतील तर अनपेअर्ड, आणि वयोगट किंवा शिक्षण यांच्याशी संबंध तपासायचा असेल तर काय-स्क्वेअर. एवढं तिने कपाटाच्या दारावर चिकटवलं. रोज एक गणित, पंधरा मिनिटं, कॅल्क्युलेटर परीक्षेला नेणार तोच.

तिची झोपही विचारली. सुट्टीच्या दिवशी दुसरीकडे नाइट करून ती सकाळी तशीच वर्गात बसत होती. नाइटनंतरच्या सकाळी नवीन काही वाचायचं नाही, आधी झोप, हे ठरलं. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्याचाच कंटाळा आला असेल, तर ते अभ्यासाच्या वेळापत्रकाने सुटत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, फोन मोफत आहे. स्वतः नर्स असलेल्यांनाही तो आहे.

दुसऱ्या सेशनलला (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला) तिला क्रिटिकल केअरमध्ये 75 पैकी 44 मिळाले, रिसर्च-स्टॅटिस्टिक्समध्ये 36. पन्नास टक्क्यांना अजून दीड गुण कमी. गणितं बरोबर होती, पण चारपैकी दोन ठिकाणी शेवटचा निष्कर्ष शब्दांत लिहायचा राहिला होता. पुढच्या भेटीला तिने आणलेल्या वहीत प्रत्येक गणिताखाली लाल शाईने एक ओळ होती: 'म्हणून रुग्णाच्या वेदनेत...' आणि पुढे तिच्या अक्षरात पूर्ण केलेलं वाक्य.