उंचीची भीती लपवून शिबिराला जाऊ का?

‘ताई, मी 21 वर्षांची आहे. डोंगरातल्या एका साहस शिबिरात उन्हाळ्याचे दोन महिने इंटर्न म्हणून माझी निवड झाली आहे. 12 ते 14 वर्षांच्या मुलांसोबत राहायचं आणि मुख्य इन्स्ट्रक्टरला मदत करायची. मी ट्रेक बरेच केलेत, पण उघड्या कड्याशी उभं राहिलं की माझे पाय लटपटतात. मुलाखतीत उंचीची भीती वाटते का, असं विचारलं तेव्हा मी पटकन “नाही” म्हणून टाकलं. तेव्हापासून झोप उडाली आहे. माझ्यामुळे एखाद्या मुलाला काही झालं तर? आईचा जिवाला घोर लागलाय, दादा म्हणतो फुकट राबवून घेतील. नकार कळवून टाकू का?’

नकार कळवू नकोस. पण मुलाखतीतलं ते ‘नाही’ घरातून पाऊल उचलायच्या आधी दुरुस्त कर.

शिबिरप्रमुखांना आजच चार ओळी लिही. चालण्याचा, ओझ्याचा त्रास नाही, पण कड्याच्या टोकाशी पाय लटपटतात. मुलाखतीत हे सांगायचं राहून गेलं, काम देताना ध्यानात घ्यावं. एवढंच. माफीचा पाल्हाळ नको.

हे इतकं कळकळीने का सांगते? रॅपलिंगच्या, म्हणजे दोराने कडा उतरण्याच्या, दिवशी वर कोण उभं राहणार, कमरेच्या हार्नेसचे पट्टे आणि दोर अडकवायच्या कडीचं, म्हणजे कॅराबिनरचं, लॉक कोण तपासणार, उतरणाऱ्याचा सुरक्षादोर कोण धरणार (याला ‘बिले’ देणं म्हणतात), उतरलेल्या मुलाला खाली कोण सोडवून घेणार, हे मुख्य इन्स्ट्रक्टर आपली माणसं ओळखून ठरवतो. तू टोकाशी खंबीर उभी राहशील असं त्याने धरलं आणि तू कातळाला चिकटून बसलीस, तर त्याच्याकडे एक माणूस कमी आहे आणि त्याला ते माहीतच नाही. धोका तिथे आहे. त्याला आधीच ठाऊक असेल तर तो तुला खाली उभं करेल किंवा रांगेतल्या मुलांवर लक्ष ठेवायला सांगेल. दोन्ही कामं तितकीच गरजेची आहेत.

ते निवड रद्द करतील का? करू शकतात, हे खोटं कशाला सांगू? पण चांगलं शिबिर तुला आणखी प्रश्न विचारेल. ‘होईल गं सवय’ म्हणून कोणी विषय झटकला, तर मात्र तिथे जाण्याचा तूच पुन्हा विचार कर.

आता त्या भीतीची दुसरी बाजू. कड्यावर पाठमोरं उभं असलेलं मूल डोळ्यांसमोर आण. दोन्ही मुठी दोरावर घट्ट आवळलेल्या, गुडघे ताठ, नजर इन्स्ट्रक्टरच्या चेहऱ्यावर. ‘घाबरू नकोस, काही होत नाही’ या वाक्याने त्या मुठी सैल होत नाहीत. ‘पाय जरा फाकव. मागे रेल, दोर धरतोय तुला. आता डावा पाय वीतभर खाली,’ याने होतात. आणि तरीही नको असेल तर ‘ये परत, उद्या बघू’ हेही मनापासून म्हणता यावं लागतं, बाकीच्या मुलांनी हसू नये याची काळजी घेऊन. पाय लटपटणं म्हणजे काय हे ज्याने अनुभवलंय, त्याला हे लवकर जमतं.

शिक्षणतज्ज्ञ कर्ट हान आणि जहाज व्यवसायातले लॉरेन्स होल्ट यांनी 1941 मध्ये वेल्समधल्या ॲबरडोव्हीला ‘आउटवर्ड बाउंड’ या साहस-शिक्षण संस्थेची पहिली शाळा काढली. तिथे समुद्र हे साधन होतं, मुलं घडवणं हा हेतू. तुझ्या शिबिरात डोंगर हे साधन आहे. म्हणून कड्यापेक्षा तुझा जास्त वेळ ओले मोजे, टाचेचे फोड आणि रात्री घरच्या आठवणीने रडणारी मुलं यांच्यात जाईल.

तुझी खरी कसोटी गप्प मुलाची आहे. पावसात भिजलेलं एखादं मूल कुडकुडतंय, अडखळतंय, बोलणं जडावलंय आणि ‘मी ठीक आहे’ म्हणतंय, तर ते दमलेलं आहे असं समजून पुढे चालू नकोस. थंडी अंगात शिरल्याची ती लक्षणं आहेत. लगेच इन्स्ट्रक्टरला सांग, आडोसा, कोरडे कपडे, ऊब. तसंच उंचीवर डोकं दुखून मळमळत असेल तर त्या मुलाला आणखी वर न्यायचं नाही. त्रास वाढला तर खाली उतरवायचं. वीज दिसल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर डोंगराची धार सोडून खाली यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा तिथे जायचं नाही. ‘माझ्यामुळे काही झालं तर’ या प्रश्नावर रात्र काढण्यापेक्षा प्रथमोपचाराचा एखादा कोर्स निघण्याआधी करून घे.

शिबिराला तूही प्रश्न विचार. इंटर्नला मुलांच्या गटासोबत एकटं सोडतात का? उत्तर ‘कधीकधी’ असं आलं तर जाऊ नकोस, तिथे मी जराही तडजोड करणार नाही. सर्वांत जवळचा दवाखाना किती तासांवर, आणि जखमी मुलाला तिथवर कसं नेतात? विमा कोणाचा? आठवड्याची सुट्टी आहे का?

दादाचं म्हणणं अगदीच चूक नाही. मानधन, राहणं-जेवण, प्रवासखर्च आणि कामाचे तास लेखी माग. बिनपगारी असलं तरी चालेल, शिकवणार काय हे ठरलेलं हवं. दिवसभर सामानच वाहायचं असेल तर ती इंटर्नशिप नव्हे.

आईला ‘काळजी करू नकोस’ म्हणू नकोस. मुक्कामांची यादी, प्रमुखांचा नंबर आणि कोणत्या दिवशी फोनला रेंज नसेल हे कागदावर लिहून दे. प्रमुखांशी तिचं एकदा बोलणंही करून दे. तुझे प्रश्न तिच्या कानावर पडले की तिलाही जरा धीर येईल.

आणि बूट नवे घेतले असतील तर आजपासूनच घालून चालायला लाग.