‘जिवंत पाण्या’ला हात लावू नका

प्रश्न असा आला आहे: यहुदी सण आणि ख्रिस्ती श्रद्धा यांतल्या पाण्यावर एका अंकासाठी लेख लिहिला. त्यात ‘जिवंत पाणी’ असा शब्द होता. संपादनात तो खोडून ‘जीवनदायी जल’ केलं. कारण दिलं की हे इंग्रजीचं शब्दशः भाषांतर आहे, मराठीत पाणी जिवंत नसतं. बरोबर काय? आणि मंडपाच्या सणातल्या ‘शोएवा’ या विधीला मराठीत काय म्हणावं?

पहिल्याचं उत्तर: ‘जिवंत पाणी’ बरोबर, दुरुस्ती चूक. ही दुरुस्ती मी प्रवचनांत ऐकली आहे, पत्रिकांत वाचली आहे, आणि दर वेळी डोकं तापतं. पाणी म्हणजे शुद्धी, पाणी म्हणजे नवा जन्म, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात शिरत नाही.

मराठीत पाणी जिवंत नसतं असं म्हणणाऱ्याने वैशाखात विहिरीचा गाळ काढतात तिथे एकदा उभं राहावं. आमच्या गावच्या विहिरीचा रात्रभर मोटर लावून उपसा केला होता. सकाळी घमेल्यांनी गाळ वर येत होता. तळाच्या कातळात एका चिरेशी खाली उतरलेल्या माणसाने पहारीने दोन ठोके दिले, चिखल बाजूला झाला आणि करंगळीएवढी धार उसळली. तो खालून ओरडला, ‘जिवंत हाय झरा!’ काठावरच्या म्हातारीने पदराने डोळे पुसले. त्या माणसाने कुठल्या इंग्रजीचं भाषांतर केलं होतं? विहिरीचा झरा जिवंत असतो, आटतो, बुजतो. पावसाचं साठलेलं ते साठवणीचं, तळातून येतं ते जिवंत. पाणी ज्याला भरावं लागतं त्याला हा फरक सांगावा लागत नाही.

नेमका हाच फरक हिब्रूत आहे. ‘मायिम हय्यिम’ म्हणजे जिवंत पाणी: झऱ्याचं, वाहतं. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, इसहाकाचे चाकर गराराच्या खोऱ्यात खणतात आणि त्यांना जिवंत पाण्याची विहीर लागते. लगेच तिथले गुराखी ‘पाणी आमचं’ म्हणून भांडायला येतात. तिथे अध्यात्माचा संबंध नाही, भांडण झऱ्याचं आहे. बायबलच्याच लेवीय पुस्तकाच्या १४व्या अध्यायात कुष्ठी बरा झाल्यावरच्या विधीला हेच पाणी लागतं. मिश्नेत, म्हणजे यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात, शुद्धीच्या पाण्याच्या चढत्या सहा पायऱ्या दिल्या आहेत, तळाला खड्ड्यातलं पाणी आणि सगळ्यांत वर जिवंत पाणी. म्हणजे हा दर्जा ठरवणारा, कामाचा शब्द आहे. यिर्मया संदेष्टा जेव्हा देवाच्या तोंडी घालतो की जिवंत पाण्याचा झरा असलेल्या मला सोडून यांनी स्वतःसाठी हौद खोदले, तेही फुटके, तेव्हा ऐकणाऱ्याला घरचा गळका हौद डोळ्यांपुढे दिसतो. ‘जीवनदायी जल’ घाला, हौदाचा टोला गेलाच.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. नव्या करारात या शब्दाचं ग्रीक रूप आहे ‘हुदोर झोन’. यातला ‘हुदोर’ आपल्या ‘उदका’चा सख्खा भाऊ. आणि ‘झोन’ हे ‘जगणे’ या क्रियापदाचं वर्तमानकालवाचक विशेषण; त्याचं अंग, म्हणजे मूळ रूप, ‘झोन्त्’. संस्कृतात तेच अंग ‘जीवन्त्’, आणि त्यातून आपलं ‘जिवंत’. धातू एकाच मुळातला, प्रत्ययातला ‘न्त्’सुद्धा तोच! लॅटिनचं ‘विवुस’ याच घराण्यातलं. म्हणजे शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाने हिब्रू कल्पनेला जे दोन ग्रीक शब्द वापरले त्यांचे भाऊबंद मराठीत ‘उदक’ आणि ‘जिवंत’ म्हणून नांदत आहेत. ‘जिवंत उदक’ म्हणा, ‘हुदोर झोन’ झालंच. इंग्रजीची वाट मध्ये लागतच नाही.

आणखी पुढे जातो. अमरकोशात पाण्याच्या नावांत ‘जीवन’ आहे: ‘पयः कीलालममृतं जीवनं भुवनं वनम्’. ज्यामुळे जगता येतं ते जीवन, असा त्याचा अर्थ लावायची पद्धत आहे. मला तो पटत नाही. जगता तर अन्नाने आणि वाऱ्यानेही येतं. माझं मत असं की हे नाव आधी वाहत्या, उसळत्या पाण्यालाच पडलं असणार, आणि मग सगळ्या पाण्याला पसरलं. जिवंत झरा पाहिलेल्या माणसाने दिलेलं ते नाव आहे. बैठकीत बसून ‘जगवणारं’ असा अर्थ नंतर काढला गेला. हे मत मी सोडणार नाही. ‘आपः’ संस्कृतात कायम अनेकवचनी आणि हिब्रूचं ‘मायिम’ही कायम अनेकवचनी, हे दोन वेगळ्या कुळांतल्या भाषांचं साम्य मला फार आवडतं, पण त्यावर आत्ता लिहीत नाही.

योहानाच्या ४थ्या अध्यायातला, विहिरीवर पाण्याला आलेल्या शोमरोनी स्त्रीचा प्रसंग बघा. येशू तिला जिवंत पाणी देऊ म्हणतो. ती काय म्हणते? महाराज, तुमच्याजवळ पोहरा नाही, विहीर खोल आहे, जिवंत पाणी आणाल कुठून? ती विहीर नाब्लुसजवळ आजही आहे, तीस-चाळीस मीटर खोल. बाईने बोलणं वेड्यासारखं उडवून लावलं नाही, तिने त्याचा सरळ अर्थ घेतला: तळाच्या झऱ्याचं पाणी. संवाद पुढे सरकतो तो या दुहेरी अर्थावर. ‘जीवनदायी जल’ घातलं तर बाई पोहऱ्याची गोष्ट का काढते तेच कळत नाही. योहान त्या जागेला ‘पेगे’ म्हणजे झरा म्हणतो, बाई ‘फ्रेअर’ म्हणजे खणलेली विहीर. इतक्या बारकाईने लिहिलेला मजकूर आहे हा!

आता शोएवा. सुक्कोत म्हणजे मंडपाचा सण, तिश्री या यहुदी महिन्यात. यरुशलेमचं मंदिर उभं असताना त्या दिवसांत सोन्याच्या सुरईतून तीन लोग (लोग हे जुनं माप) पाणी शिलोहच्या तळ्यातून भरत आणि कर्णे वाजवत वेदीवर आणून ओतत. ते पाणी गीहोन झऱ्याचं, खडकातल्या ५३३ मीटर बोगद्यातून तळ्यात येणारं. ‘गीहोन’ नावातच उसळण्याचा धातू आहे. ओतणाऱ्या याजकाला ‘हात वर धर’ असं सांगत, कारण एकाने ते पायावर ओतलं आणि लोकांनी त्याला हातातली महाळुंगासारखी फळं फेकून मारली. ज्याने शोएवाचा आनंद पाहिला नाही त्याने आनंदच पाहिला नाही, असं मिश्ना म्हणते.

मिश्नेवरच्या चर्चांचा ग्रंथ म्हणजे तालमुद. त्याच्या बाबिलोनी आवृत्तीत या नावाचा एक पाठ ‘शोएवा’, म्हणजे पाणी काढण्याची, असा आहे, दुसरा ‘हशुवा’, म्हणजे मोठ्या मानाची. तिथे दोन्ही चालवून घेतले आहेत. मी घेणार नाही. यशयाच्या १२व्या अध्यायात ‘आनंदाने तारणाच्या झऱ्यांतून पाणी काढाल’ इथे तोच धातू आहे, आणि यरुशलेमी तालमुदात यहोशुआ बेन लेवी हा धर्मगुरू सांगतो की हे नाव पडलं कारण तिथून पवित्र आत्मा ‘काढला’ जाई. योहानाच्या ७व्या अध्यायात याच सणाच्या शेवटच्या दिवशी येशू उभा राहून जिवंत पाण्याच्या नद्यांविषयी ओरडून सांगतो, आणि योहान लगेच जोडतो की हे आत्म्याविषयी होतं. दोन्हीकडे एकच प्रतिमा, पाणी काढण्याची. ‘मोठ्या मानाची’ असा अर्थ घेतला की ती जातेच.

याच सणाला लागून पावसाची प्रार्थना सुरू होते. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, ती करतात तेव्हा इथला पाऊस परतीला लागलेला असतो. प्रार्थनेतला पाऊस यरुशलेमचा, हिवाळ्यातला.

पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांनीही दर्जाची ही भाषा टिकवली. १८७३ साली हस्तलिखित सापडलेल्या ‘डिडाखी’ या त्यांच्या नियमपुस्तिकेत बाप्तिस्म्याविषयी आज्ञा आहे: जिवंत पाण्यात द्या, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, गार जमत नसेल तर कोमट, काहीच नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. ‘जीवनदायी जल नसेल तर दुसरं’ असं लिहून बघा.

एक जपा: प्रकटीकरणाच्या २२व्या अध्यायात ‘हुदोर झोएस’ आहे, तिथे ‘जीवनाचं पाणी’च लिहा, तिथे विशेषण नाही, षष्ठी आहे. आणि शोएवाला मराठी शब्द विचारलात ना? ‘शेंदणं’. पोहरा सोडून, दोर ओढून पाणी वर काढणं. ‘पाणी शेंदण्याचा उत्सव’ लिहा, आणि कुणी ‘जलग्रहण विधी’ करून पाठवला तर परत ‘शेंदणं’ करा.