पंगत आणि समता

सप्रेम नमस्कार,

आरंभीच्या ख्रिस्ती विचारातील मानवी समतेवर निबंध लिहिण्याचे तू मनावर घेतले आहेस, याचा मला फार आनंद झाला. तुझ्या टिपणाचा सारा डोलारा मात्र बायबलच्या नव्या करारातील, गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील एकाच वचनावर उभा आहे: ख्रिस्ताच्या ठायी यहूदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री असा भेद उरत नाही. वचन थोर आहे. पण ते लिहिणाऱ्या पौल या प्रेषितालाच करिंथ या ग्रीक शहरातील ख्रिस्ती मंडळीला खडसवावे लागले होते, कारण तिथे प्रभुभोजनासाठी, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ एकत्र जेवण्यासाठी, जमल्यावर एक उपाशी राहत असे आणि दुसरा पिऊन मस्त होत असे. बाप्तिस्म्याच्या वेळी मान्य केलेली समता पंगतीत टिकत नव्हती. पंगतीत कोण कुठे बसतो याला किती अर्थ असतो, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून तो उतारा तू आधी वाचावास.

त्यानंतर थेट चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातील कप्पदुकियात ये. न्यासाचे बिशप ग्रेगरी यांनी इ. स. 380 च्या सुमारास बायबलमधील ‘उपदेशक’ या ग्रंथावर प्रवचने दिली. ‘मी दास आणि दासी विकत घेतल्या’ या, कोणीही सहज वाचून पुढे जाईल अशा वाक्यापाशी ते थांबले आणि त्यांनी विचारले की, देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाची किंमत किती नाणी मोजून ठरवलीस, आणि त्याला विकणारा तरी कोण होता? मनुष्याला पृथ्वीवर आणि पशूंवर अधिकार मिळाला, मनुष्यावर नव्हे; जे देवाने स्वतंत्र निर्माण केले त्याला देवसुद्धा दास करत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. प्राचीन काळातील दुसऱ्या कोणत्याही लेखकाने दास्यसंस्थेच्या मुळावरच इतका थेट घाव घातल्याचे माझ्या वाचनात नाही.

तरीही या प्रवचनावरून साऱ्या चर्चचे मत ठरवू नकोस. इ. स. 340 च्या सुमारास गांग्रा येथील बिशपांच्या धर्मसभेने, भक्तीच्या नावाखाली दासाला धन्याचा अवमान करण्यास आणि सेवा सोडण्यास शिकवणाऱ्याला बहिष्कृत ठरवले होते. आणि उत्तर आफ्रिकेतील बिशप व विचारवंत ऑगस्टीन यांनी माणूस निसर्गतः दास नसतो हे मान्य करूनही दास्याला पापाचे फळ म्हणून जगात जागा दिली. स्वतः ग्रेगरींनीही कायदा बदलण्याची मागणी केली नाही. हे लिहिताना तुझा हात आखडू नये, कारण विरोधी पुरावा दडवलेला निबंध ग्रेगरींच्या धैर्यालाच लहान करतो.

एक सूचना आणखी. ग्रेगरींनी आपली थोरली बहीण मॅक्रिना हिचे चरित्र लिहिले आहे, ते जरूर वाच. पाँटस प्रांतातील घरी तिने आपल्या श्रीमंत आईचे मन वळवले, आणि त्या मालकिणीने आपल्याच दासींना बहिणी मानून त्यांच्यासोबत एकच पंगत, एकसारखे अंथरूण आणि एकसारखे अन्न पत्करले. भावाच्या प्रवचनामागे त्या घराचा अनुभव असावा, असे मला वाटते. करिंथच्या भोजनापासून मॅक्रिनाच्या पंगतीपर्यंतचा मार्ग हाच तुझ्या निबंधाचा कणा होऊ शकेल. त्या क्रमाने पुन्हा लिहून मला पाठव.

तुझा हितचिंतक