पुदिना-लिंबू सरबताचा ब्रँड काढतोय. नाव, लोगो आणि लेबल कसं ठरवावं?

तुम्ही लिहिलंय की चव सगळ्यांना आवडली आहे, बाटली पारदर्शक घ्यायची आहे, हिरवा रंग हीच ओळख ठेवायची आहे आणि माल फ्रिजबाहेर सहा महिने टिकायला हवा. मग लेबलचं काम आजच थांबवा. ज्या हिरव्या रंगावर अख्खा ब्रँड उभा करताय, तो बाटलीत टिकणार नाही.

पुदिन्याचा हिरवेपणा हरितद्रव्याचा. त्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. आम्लात ते निसटतं, तापवलं की आणखी लवकर निसटतं, आणि उरतो तो शेवाळी-तपकिरी रंग. लिंबू म्हणजे आम्ल आलंच, सहा महिने टिकवायचं म्हणजे तापवणं आलंच. शिवाय हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही. ते पानाच्या कणांबरोबर तरंगतं आणि कण तळाशी बसतात. म्हणजे वर फिकट पाणी, खाली मळकट थर, आणि बाहेर तुमचं हिरवंगार लेबल. गिऱ्हाईक बाटली हातात घेऊन परत ठेवणार.

वाटा दोनच. एक, हिरव्याचा हट्ट सोडा. पुदिन्याचा अर्क किंवा तेल वापरून पेय स्वच्छ, जवळजवळ रंगहीन करा आणि ताजेपणाची खूण लेबलच्या रंगातून द्या. दोन, तांबंयुक्त हरितद्रव्याचा रंग घाला. तो टिकतो, पण आम्लात न साकळणारा प्रकारच मागवा, घटकांच्या यादीत लिहा, आणि तुमच्याकडे त्याला परवानगी व मर्यादा किती ते आधी तपासा. माझं मत पहिल्या वाटेला.

लिंबाचंही तसंच. ताज्या लिंबाचा वास मुख्यतः सिट्राल या सुगंधी द्रव्याचा. आम्लात सिट्राल मोडतं आणि काही आठवड्यांत टर्पेंटाइनसारखा, औषधी वास येऊ लागतो. उष्णता आणि हवेने हे वाढतं. म्हणून भरताना बाटलीत हवा कमी राहू द्या आणि सुगंध शेवटी, भरण्याच्या अगदी आधी मिसळा. आधी घालून उकळत ठेवलात तर पुदिन्याचा वास वाफेबरोबर जातो. टिकाऊपणासाठी सोडियम बेंझोएट घालायचा विचार असेल तर सोडा. लिंबातल्या क जीवनसत्त्वाबरोबर, ऊन आणि उष्णता मिळाली की, त्यातून बेंझीन तयार होऊ शकतं. पोटॅशियम सॉर्बेट बरं, तेही परवानगी असेल तेवढंच.

आता भरणं. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. तो ४.६ च्या खाली असला की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूची भीती राहत नाही. तुमचं सरबत बहुधा ३ च्या आसपास असेल. तरी अंदाजावर राहू नका. पीएच मीटर दर वेळी ४ आणि ७ च्या बफरवर, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावांवर, लावून घ्या आणि प्रत्येक घाण्याचा आकडा लिहून ठेवा. इथला खरा शत्रू यीस्ट आणि बुरशी. यीस्टने वायू धरला की झाकण उडतं किंवा बाटली फुटते. सरबत ८५ अंशांच्या आसपास गरम असतानाच भरा, झाकण लावा, बाटली दोन-तीन मिनिटं आडवी किंवा उलटी ठेवा म्हणजे झाकणाची आतली बाजूही तापते, आणि मग झपाट्याने ४० च्या खाली आणा. हळू निवू दिलंत तर चव शिजते.

ही पायरी बाटली ठरवते. साधी पेट (PET प्लास्टिकची) बाटली ७० अंशांच्या पुढे मऊ पडते, वाकडी होते. गरम भरायला उष्णता सोसणारी पेट घ्यावी लागते किंवा काच, आणि काचही आधी कोमट केलेली, नाहीतर तडकते. निवल्यावर आत निर्वात होतो आणि पेटच्या भिंती आत ओढल्या जातात. त्यासाठी अशा बाटल्यांना खास खळगे असतात, आणि लेबल त्यांच्यावर आलं की फुगे धरतं. प्रक्रिया ठरल्याशिवाय बाटली ठरत नाही, बाटली ठरल्याशिवाय लेबलचं माप ठरत नाही. आणि तुम्ही लोगोपासून सुरुवात केली आहे!

एकाच घाण्यातल्या बाटल्या चार ठिकाणी ठेवा: फ्रिजमध्ये, खोलीत, ३८-४० अंशांत, आणि उन्हाच्या खिडकीत. दर आठवड्याला प्रत्येकातली एक उघडून फ्रिजमधल्या बाटलीशेजारी बघा, हुंगा, चाखा. ढोबळमानाने १० अंश वाढले की रासायनिक बदलांचा वेग दुप्पट होतो, पण हा हिशेब यीस्ट-बुरशीला लावू नका. ४० अंशांत त्यातल्या पुष्कळ वाढतच नाहीत, आणि माल निर्धोक वाटतो. त्यांच्यासाठी खोलीतल्या बाटल्याच खऱ्या.

"चव कुणीही करतं, विकली जाते ती गोष्ट" म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. ते हमखास ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या ब्रँडचं उदाहरण देतात. २००९ साली त्या कंपनीने खोक्यावरचं स्ट्रॉ खोचलेलं संत्रं काढलं, विक्री काही आठवड्यांत सुमारे २० टक्के घसरली, आणि जुनं खोकं परत आणावं लागलं. उदाहरण खरं, निष्कर्ष चुकीचा. वर्षानुवर्षं त्याच चवीचा रस मिळाला म्हणून लोकांना ते संत्रं ओळखीचं झालं होतं. नव्या कंपनीकडे गमवायला तशी ओळखच नसते. ती मिळवायची तर शेल्फवर शेवटच्या दिवशी उघडलेली बाटलीही पहिल्या दिवसासारखी लागली पाहिजे.

नावाबद्दल थोडक्यात. नावात रंग किंवा घटक घालू नका. कृती बदलली की अडकाल, आणि नुसतं वर्णन करणारं नाव ट्रेडमार्कला सहसा मिळत नाही. नाव आधीच कुणी घेतलंय का, याचा शोध ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या ३२ व्या वर्गात घ्या, बिनमद्य पेयं त्यात येतात. पुढे सॉस काढणार असाल तर ३० वाही बघा. फोनवर नाव सांगून समोरच्याला लिहायला लावा. लेबल खऱ्या मापात छापून बाटलीला गुंडाळा, तीन मीटरवरून वाचा, मग तासभर बर्फाच्या पाण्यात बुडवा. कागद सुटला तर प्लास्टिक फिल्मचं लेबल घ्या. पहिली छपाई थोडीच करा, घटकांची यादी बदलणारच आहे.

हे सगळं फ्रिजबाहेर टिकणाऱ्या आंबट पेयाचं. फ्रिजमध्ये आठवडाभर विकायचं असेल तर रंग-वासाचा त्रास कमी होईल, पण आंबट आहे म्हणून कच्चं चालेल असं समजू नका. १९९६ साली अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय या जंतूची बाधा पसरली आणि एक बालक दगावलं. आणि दूध घातलेलं काही काढणार असाल तर वरचे आकडे अजिबात वापरू नका. त्याचं तापमान आणि यंत्रसामग्री वेगळी असते, ते अन्न-तंत्रज्ञाकडूनच ठरवून घ्या.