गोष्ट आधी की शिकवण?

प्रश्न : सुट्टीत नातवंडांना जादूच्या दुनियेतला सिनेमा दाखवायचा आहे. हल्ली गोष्टीपेक्षा विचार गळी उतरवण्याचीच घाई दिसते. ते ओळखायचं कसं?
– एक आजी, पंचवटी, नाशिक

उत्तर : आजी, सेन्सॉर बोर्डाच्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. २०२४ पासूनचं ‘यूए ७+’ (सात वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या मार्गदर्शनाखाली दाखवावा, असा शेरा) फक्त वयाबद्दल सांगतं. शक्य असेल तर सिनेमा आधी स्वतः बघा. एखादं पात्र तत्त्व सांगू लागलं की तो संवाद मनातल्या मनात काढून टाका. कथानकाचं काहीच अडलं नाही, तर तो वरून चिकटवलेला आहे. मग जादूचे नियम तपासा. ‘वर एकदाच मिळेल’ असं सुरुवातीला ठरलं आणि शेवटी केवळ शिकवणीसाठी दुसरा मिळाला, तर तिथे गोष्ट हरली. खलनायकाला स्वतःचं कारण हवं. नुसता चुकीच्या मतांचा पुतळा नको.

आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांचा १९१९चा ‘कालिया मर्दन’ पाहा. बाळकृष्ण झालेल्या त्यांच्या मुलीच्या, मंदाकिनीच्या खोड्या मनसोक्त दाखवल्यात. भक्ती त्यांच्यातूनच येते. म्हणजे विचार असणं हा दोष नव्हे. मात्र आपल्याला पटणारा विचार असेल तेव्हाही हीच कसोटी लावा, कारण तिथेच आपण हमखास सूट देतो.

घरी आल्यावर नातवंडांना ‘काय शिकलात?’ विचारू नका, ‘मग काय झालं?’ विचारा.